लाडवालं कारंजा

पुण्यात आल्यापासून मला माझ्या गावाचं नाव एका दमात कधी सांगता आलेलं नाही. 'कारंजा' म्हटलं की पनवेलकडचा मुलगा विचारतो, 'उरणचं का?' नागपूरचा विचारतो, 'घाडगे?' कारण वर्ध्यात कारंजा घाडगे आहे. टीममधल्या एकीला तर खरंच वाटलं होतं की गावाच्या चौकात पाण्याचं कारंजं असणार. मग मी म्हणतो, 'कारंजा लाड. वाशिम जिल्हा.' त्यावर, 'वाशी?' 'वाशिम.' 'अच्छा.' इथे विषय संपतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी या गावातलं आमचं घर विकायला गेलो. म्हणजे घर बाबांचं, पण कल्पना माझी. वाकडमध्ये टू बीएचके बुक केला होता, डाउन पेमेंटला पैसे कमी पडत होते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबा एकटेच होते आणि जेवण म्हणून काय खात होते ते फोनवर कधीच सांगत नव्हते. दुसरीकडे समृद्धी महामार्गामुळे गावातल्या जागांचे भाव चढले होते. सगळं एक्सेल शीटमध्ये नीट बसत होतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तू म्हनशीन तसं." वऱ्हाडात या वाक्याचा अर्थ होकार असतोच असं नाही. ते मला माहीत होतं, तरी मी तो होकारच धरला.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालो. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांचं पुण्याला येणंजाणं बदललंय. आधी बस गावागावांतून जायची, झोपेतही कळायचं की मेहकर आलं, मालेगाव आलं. आता काचेबाहेर फक्त अंधार आणि कठडे. पहाटे क्लीनर ओरडला, "कारंजा कोन उतरनार हाय?" मी एकटाच उठलो.

आमचं घर जुन्या रेल्वे स्टेशनच्या अंगाला. स्टेशन आहे, रूळ आहेत, गाडी नाही. ही शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. एक फाटा मूर्तिजापूरहून वर अचलपूरला जायचा. रूळ किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं उभ्या केलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. स्वातंत्र्यानंतर गाडी आपली रेल्वे चालवायची, पण खालचे रूळ त्या कंपनीचेच राहिले. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये डिझेल आलं. मी पाहिली ती डिझेलचीच. पुढे यवतमाळची फेरी बंद झाली ती झालीच. ब्रॉडगेज होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

आजीचं माहेर दारव्ह्याचं. साठच्या दशकात तिची वरात याच गाडीनं आली. ती सांगायची की नवरदेवाचा एक मित्र मधल्या स्टेशनवर पाणी प्यायला उतरला, गाडी सुटली, आणि तो धावत येऊन पुन्हा चढला. नंतर आपल्याकडच्या प्रत्येक घरातली आजी हीच गोष्ट सांगते हे कळलं तेव्हा मला जरा वाईट वाटलं होतं. गाडीच तशी होती, त्याला आजी काय करणार.

बाबा दारातच बसले होते. "चाय घेतं का?" एवढंच.

घराबद्दल त्या दिवशी काहीच बोलणं झालं नाही. सकाळी ते मला घेऊन निघाले, कुठे ते सांगितलं नाही. आम्ही दारव्हा वेशीतून जुन्या गावात शिरलो. कारंज्याला परकोट होता. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस अशा चार दिशांना चार वेशी. एका आडगावाच्या वेशीला दिल्लीचं नाव का, हा प्रश्न मला इंजिनिअरिंग संपेपर्यंत पडला नव्हता. हे गाव तेव्हा आडगाव नव्हतं. इथे सावकार आणि व्यापारी होते. इतके की सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, १६७०च्या शेवटी, शिवाजी महाराजांचं सैन्य थेट इथे आलं. जदुनाथ सरकार लिहितात की सोनं-चांदी आणि उंची कापड मिळून एक कोटीचा माल होता आणि तो वाहायला चार हजार बैल नि गाढवं लागली. गावातले सगळे धनिक धरले गेले, सर्वांत श्रीमंत होता तो मात्र बाईचं लुगडं नेसून निसटला, कारण महाराजांच्या माणसांनी बाईला हात लावायचा नाही हे ठरलेलं होतं. शाळेत आम्हाला सुरत शिकवली, कारंजा नाही. आमच्या वर्गाला ही एक ओळ मिळाली असती तर इतिहासाच्या तासाला काय दंगा झाला असता!

कस्तुरीच्या हवेलीचीही एक गोष्ट आहे. कुणी परदेशी व्यापारी उंटांवर कस्तुरी घेऊन फिरत होता, एवढा माल घेणारं कुणी भेटेना. कारंज्याच्या शेठनं तो सगळा घेतला आणि बांधकामाच्या चुन्यात कालवला. खरं-खोटं देव जाणे. लहानपणी आम्ही जुन्या भिंतींना नाक लावून वास घ्यायचो आणि 'येतो, येतो' म्हणायचो.

जैन मंदिरांपाशी बाबा थांबले. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण अशा तीन परंपरांची मंदिरं या एका गावात आहेत. (शेवटचं नाव ऐकून हसू नका. ते साधूंच्या एका जुन्या शाखेचं नाव आहे, आपल्या आजच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही.) इथे भट्टारकांच्या गाद्या होत्या आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखितं सांभाळली. विसाव्या शतकात अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे हिरालाल जैन या पोथ्या वाचत बसले आणि त्यांतून अपभ्रंश भाषेतले ग्रंथ बाहेर आले. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला कवी, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात लिहिणारा. त्याचं 'जसहरचरिउ' १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादित केलं, 'णायकुमारचरिउ' १९३३ साली हिरालाल जैनांनी. 'जसहरचरिउ' ज्या ग्रंथमालेत आलं तिचं नाव कारंजा जैन सीरिज. मराठीच्या जन्माआधी इकडे लोक काय भाषा बोलत-लिहीत असतील याचा अंदाज घ्यायला ज्या पोथ्या लागतात, त्यांतल्या काही माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होत्या. मी डेटा रिकव्हरीवर काम करतो. हजार वर्षांचा बॅकअप एका तालुक्याच्या गावात राहतो, त्याला ना सर्व्हर, ना वीज, फक्त दर काही पिढ्यांनी कुणीतरी बसून नक्कल करायची. आमच्या कंपनीत तीन वर्षांपूर्वीचा फोल्डर सापडत नाही.

तिथून गुरुमंदिर. बाहेरगावचे लोक कारंज्याला येतात ते यासाठीच. नृसिंह सरस्वतींचा जन्म इथला. गुरुचरित्रात येतं की मुलगा मुंज होईपर्यंत ॐकाराशिवाय काही बोललाच नाही, आणि मुंजीत बोलला तो थेट वेद. मग घर सोडतो म्हणाला. आईनं अडवलं, तर तिला आणखी मुलं होईपर्यंत थांबला आणि निघून गेला. पुढे काशी, वाडी, गाणगापूर. मध्ये तीसेक वर्षांनी एकदा येऊन गेला. मजा अशी की नंतर ते घर कुठलं हेच गाव विसरलं. टेंबे स्वामींनी जागा शोधून दिली आणि मंदिर झालं ते १९३४ साली. बाबा ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "पोट्टा गेला त गेला. घर कोनं पाह्यलं मंग?" मी बूट शोधायला लागलो.

बाबा स्वतः बाजार समितीत मापारी होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कास्तकार माल आणतो, अडत्याकडे उतरवतो, व्यापारी हर्रासात बोली लावतात, हमाल पोतं उचलतो आणि मापारी ते तोलतो. मापाऱ्यानं काट्यावर जे वाचलं ते खरं. कास्तकाराचं वर्षभराचं वावर त्या एका आकड्यात येतं. मापाऱ्याला परवाना असतो, बिल्ला असतो. बाबांचा पितळी बिल्ला आमच्या देवघरात असायचा, गणपतीच्या बाजूला. तिथे का ठेवला म्हणून मी कधी विचारलं नाही.

२०२० मध्ये लॉकडाउनला मी सहा महिने गावी होतो. त्याच वर्षी शेतीचे तीन कायदे आले, ट्विटरवर जो उठेल तो बाजार समित्यांवर बोलत होता. मी रात्री जागून शेती अर्थशास्त्राची पीडीएफ वाचत होतो आणि त्यात एक ओळ आली: भारतातला पहिला नियंत्रित बाजार, कारंजा, १८८६. मी ती ओळ तीनदा वाचली. मग गुगल केलं, हे उरणचं तर नाही ना! नव्हतं. लाडवालंच होतं.

वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं, कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे. म्हणून कायदा निघाला तो हैदराबाद रेसिडेन्सीचा हुकूम म्हणून. कारण कापूस. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. युद्ध संपलं, भाव पडले, पण भूक राहिली. मँचेस्टरला बिनभेसळीचा कापूस वाजवी भावात हवा होता, आणि इकडच्या बाजारात सगळाच गोंधळ. दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे, ज्याचा माल तो बाजूला उभा राहून फक्त रुमाल हलताना पाहायचा. म्हणून बाजाराला नियम आले. कारंजा पहिलं, मग १८९७ मध्ये सगळ्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा. पुढे देशभर जे मंडी कायदे झाले त्यांची मुळं इथे सापडतात. म्हणजे कास्तकाराचं भलं व्हावं म्हणून हे सुरू झालं नाही, गिरणीला चांगला माल मिळावा म्हणून झालं. पण एकदा उघडा हर्रास नि परवान्याचा काटा आला की त्याचा फायदा थोडा तरी इकडेही सांडतो. कापूस बंदराकडे न्यायला रेल्वे आली, आणि तिचं इंजिन पुन्हा मँचेस्टरहूनच. काय वर्तुळ आहे!

मी पहाटे बाबांना उठवून सांगितलं. देशातला पहिला बाजार, आपला! ते उठून बसले, चष्मा लावला, मोबाईलच्या स्क्रीनवरची इंग्रजी ओळ बराच वेळ पाहिली. म्हणाले, "मंग? काटा त मीच धरत होतो ना." आणि परत झोपले.

धरत होतो, कारण तेव्हा ते काम जवळजवळ संपलेलं होतं. यार्डात आता कापसापेक्षा सोयाबीन नि तूर जास्त. कापूस बराचसा थेट जिनिंगला जातो, ट्रॉलीसकट वे-ब्रिजवर चढतो आणि आकडा छापून येतो. तो आकडा छापणारा प्रोग्राम कुणीतरी लिहिलाय, बहुतेक माझ्याच वयाच्या, माझ्यासारखीच डिग्री असलेल्या मुलानं. यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. त्यांनी मला शिकवलं ते त्याच काट्यावर.

घराचं बोलणं झालं ते तिसऱ्या दिवशी, गावाबाहेर. संध्याकाळी गाडीवर सोहोळच्या बाजूला गेलो होतो. तिकडे काळविटांचं अभयारण्य आहे, २००० सालचं, अठरा चौरस किलोमीटर, माळ आणि गवत. एक कळप दिसला, काळा नर सगळ्यांत मागे. बाबा पाहत राहिले आणि मग गाडीच्या आरशाकडे बघत म्हणाले, "तुह्या त्या फ्लॅटात मले खोली हाय का येक?"

"आहे ना बाबा. तुमच्यासाठीच तर..."

"माह्यासाठी नको म्हनू. तुले पायजे म्हनून घेतला. तसं सांग."

मी म्हणालो, "मला पाहिजे म्हणून घेतला."

"मंग इकू."

रजिस्ट्रीच्या दिवशी फोटो झाला, सह्या झाल्या, आणि बाबांचा अंगठा मशीन घेईना. पुसून पाहिला, ओला करून पाहिला, डावा लावला. ऑपरेटर पोरगा चांगला होता. "काका, काय काम करत होते तुम्ही? रेघाच नाई राह्यल्या." बाबा म्हणाले, "काटा." चौथ्या की पाचव्या वेळी मधलं बोट चाललं. खरेदीदार खुर्चीत चुळबूळ करत होता. मी स्क्रीनवरच्या त्या बोटाच्या ठशाकडे पाहत होतो, अर्धवट, मध्ये पांढरा.

आता ते वाकडला असतात. सातव्या मजल्यावर त्यांना झोप येत नाही असं ते म्हणतात, पण घोरतात. बिल्ला देवघरात आहे. सकाळी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोयाबीनचा भाव येतो, तो ते मला वाचून दाखवतात आणि मी मीटिंगमध्ये म्यूटवर 'हं' म्हणतो. पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या गेटवरच्या भाजीवाल्याशी त्यांचं वाजलं. तो इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपली ठेवून वांगी घालत होता. बाबांनी त्याचा हात धरला. "आधी झिरो कर भाऊ."

आता आम्ही दिसलो की तो आपणहूनच करतो, आणि काटा आमच्याकडे फिरवतो.