टाळू कुणाला दिसत नाही

ओठ सर्जनबाईंचा, टाळू शिकणाऱ्या रेसिडेंटचा. एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या प्लास्टिक सर्जरी विभागात ही वाटणी कुणी न ठरवता वर्षानुवर्षं चालत आली. दुभंगलेला ओठ शिवताना कातडी आणि लाली जिथे भेटतात ती बारीक पांढुरकी कड दोन्ही बाजूंनी जुळलीच पाहिजे. मिलिमीटरभर खालीवर झाली, तर एसटीत समोर बसलेल्या माणसालाही ते आयुष्यभर दिसत राहतं. बाई ते काम कुणाच्या हाती देत नसत. टाळू मात्र देत. टाळूचा ‘आधी-नंतर’चा फोटो ओपीडीच्या भिंतीवर लागत नाही, हे खरं कारण त्या आता हसत सांगतात. ओठाच्या फोटोंपुढे पाहुणे थांबले की अजूनही त्यांना बरं वाटतं, हेही लपवत नाहीत.

पुढे मानेनं दगा दिला. डोळ्यांवर लूप्सची भिंगं चढवून दीड तास वाकणं जमेना, तसे ओठही रेसिडेंटांकडे जाऊ लागले. ओठ शिकवणं तुलनेनं सोपं निघालं. निळ्या शाईनं खुणा करता येतात, टेबलाभोवतीच्या चौघांना सगळं दिसतं, चुकीची खूण चिरा देण्याआधीच पुसता येते. राल्फ मिलार्ड यांनी 1955 साली स्टॉकहोमच्या परिषदेत मांडलेली, एक बाजू फिरवून दुसरी पुढे सरकवण्याची पद्धत आजही पहिल्या वर्षाचा रेसिडेंट कागदावर काढून दाखवतो.

टाळूचं काय करायचं? वर्षभराचं मूल, तोंड उघडं धरणारं डिंगमन नावाचं उपकरण, जिभेवरून गेलेली भुलेची नळी, सतत साचणारं रक्त. आत दिसतं ते फक्त बाळाच्या डोक्याशी बसलेल्याला. शेजारी उभ्या असलेल्या पोराला गुरूची टोपी दिसते. आणि नेमकं महत्त्वाचं काम त्या अंधारातलं. मऊ टाळू उचलणारा लेव्हेटर स्नायू दुभंगलेल्या टाळूत आडवा जुळलेला नसतो, पुढे हाडाच्या कडेला चिकटलेला असतो. तो सोडवून, मागे वळवून, मध्यावर जोडायचा. नुसत्या भोकाच्या दोन कडा शिवल्या तर जेवण नाकातून यायचं थांबतं, घरचे खूश होतात, पण बोलणं सुधारतंच असं नाही. इंग्लंडच्या ब्रायन सॉमरलॅड यांनी हे काम मायक्रोस्कोपखाली नेलं. बाईंनी ईएनटीचा मायक्रोस्कोप मागून आणला तो मुख्यतः त्याच्या कॅमेऱ्यासाठी: पडद्यावर सगळ्यांना दिसतं. टोरांटोत टाळूचं सिलिकॉनचं मॉडेल निघालं, त्यावर बाईंचं मत बरं आहे. मॉडेलला रक्त येत नाही, पण त्याची आईही बाहेर बाकावर बसलेली नसते.

तरी मूळ अडचण उरतेच, आणि बाई फिरूनफिरून तिथेच येतात. टाळू शिवतात तेव्हा मूल नऊ ते अठरा महिन्यांचं असतं. ऑपरेशन कसं झालं ते कळतं मूल चार-पाच वर्षांचं होऊन सलग बोलू लागल्यावर. एमसीएचचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. म्हणजे शिकणाऱ्याला आपल्या हाताचा निकाल ऐकूच येत नाही. तोवर तो कुठल्या तरी शहरात केस रोवत असतो.

म्हणून आता गुरुवारी रेसिडेंटांनी स्पीच ओपीडीत बसायचं. तिथली स्पीच थेरपीची विद्यार्थिनी एका मुलीच्या नाकाखाली छोटा आरसा धरते आणि ‘पापा’ म्हणायला सांगते. आरशावर वाफ धरते: हवा नाकातून निसटतेय. ‘बाबा’ म्हण, तर ऐकू येतं ‘मामा’. ‘काका’ घशातच अडकतो. शेजारी बसलेला बाप मुलीला दटावतो, नीट बोल म्हणून. विद्यार्थिनी त्याला शांतपणे सांगते, “काका, तिचं चुकत नाहीये.” वयानं आपल्याहून लहान असलेल्या त्या विद्यार्थिनीकडून एमएस झालेले सर्जन कान लावून ऐकायला शिकतात. काहींना ते झोंबतं. उत्तम हातांच्याही काही मुलांना दुसरं ऑपरेशन लागतंच, हेही तिथेच कळतं.

आठवडाभराची शिबिरं घेणाऱ्यांवर बाईंचा राग जुना आहे. ओठ भराभर शिवून मंडळी जातात, भाषण फोटोसकट होतं, टाळू आणि पुढची पंधरा वर्षं मागे राहतात. उलट ब्रिटनमध्ये 1998 च्या सरकारी पाहणीत 57 केंद्रं थोडीथोडी ऑपरेशनं करताना आढळली, निकाल वाईट निघाले, आणि केंद्रं कमी करून काम मोजक्या प्रशिक्षित हातांत दिलं गेलं. आपल्याकडे हे कोण करणार, असं विचारून बाई गप्प बसत नाहीत, आणखी दोघांची नावं घेतात. ती छापण्यासारखी नाहीत.

कौतुक करतात ते सर्जन हिरजी अडेनवाला यांचं. मुंबईत चार्ल्स पिंटो यांच्या हाताखाली शिकून ते त्रिशूरच्या ज्युबिली मिशन हॉस्पिटलात गेले, तिथेच अनेक दशकं राहिले, आणि तिथल्या दुभंग ओठ-टाळूच्या केंद्राला नाव दिलं गुरूचं. मूल मोठं होईपर्यंत एकाच जागी थांबलेला सर्जन, बाईंच्या मते, शिकणाऱ्याला दाखवण्याजोगा.

तुमच्या घरात, गावात टाळूचं ऑपरेशन झालेलं मूल असेल, तर ते तिसऱ्या वर्षी एकदा आणि शाळेत घालण्याआधी पुन्हा एकदा स्पीच थेरपिस्टकडे न्या. चांगलं बोलतंय असं वाटलं तरी न्या, आणि शक्यतो ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलात. तिथे कुणीतरी शिकत असतं.