काटा अर्ध्यावर आला की



आषाढी वारी जवळ आली की आमच्या दिंडीतली तरुण पोरे एकेक करून माझ्याकडे येतात. आता बहुतेकांच्या दारात चारचाकी आहे, कुणाची रोखीची, कुणाची हप्त्यावरची. वारीत सामानाला, पाण्याच्या कॅनला, पाय सुजलेल्या म्हाताऱ्यांना गाडी लागतेच. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "नाना, टाकी फुल करून निघू, का वाटेत लागेल तसं टाकू?" प्रश्न साधा आहे. पण मी पटकन उत्तर देत नाही, कारण मला स्वतःला ते 62 व्या वर्षी मिळाले आणि मिळाले त्या वेळी माझ्या गाडीत मागच्या सीटवर एक माउली छातीवर हात ठेवून बसली होती.

मी भिगवणचा. भिगवण म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला मासळी आठवते किंवा हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी. माळ घातलेल्या माणसाने भिगवणला राहायचे म्हणजे रोज परीक्षाच, असे आमचे पाहुणे चेष्टेने म्हणतात. असो. एसटीत चालक म्हणून मी 31 वर्षे काढली. एवढ्या वर्षांत डिझेल कधी भरायचे याचा विचार मला एकदाही करावा लागला नाही. गाडी आगारात आली की आगाराच्या पंपावर डिझेल भरले जायचे, वहीत नोंद व्हायची, सकाळी किल्ली हातात. आमचा हिशेब वेगळा असे : दहा लिटरला गाडी किती किलोमीटर चालवली. त्यात कमी पडलो की साहेबांपुढे उभे राहावे लागे. म्हणजे डिझेल जपून वापरायला मी शिकलो, वेळेवर भरायला मात्र शिकलो नाही.

2014 ला निवृत्त झालो. फंडाच्या पैशातून सात माणसांची एक जुनी डिझेलची गाडी घेतली आणि तो काटा पहिल्यांदा माझा स्वतःचा झाला. खिशात पाचशे असले की पाचशेचे टाकायचे, हजार असले तरी पाचशेचेच टाकायचे. त्या काळी दर महिन्याच्या 1 आणि 16 तारखेच्या सुमारास बदलायचे. उद्या स्वस्त होणार अशी कुणकुण लागली की मी आज थांबायचो. 16 जून 2017 पासून दर रोज सकाळी 6 वाजता ठरू लागले, तेव्हा त्या थांबण्याला काही अर्थ उरला नाही. सवय मात्र उरली. आणखी एक कारण होते, ते लिहायला लाज वाटते. तांबडा दिवा लागला तरी मी म्हणायचो, पांडुरंग बघून घेईल. हा माझा विश्वास आहे असे मला वाटत असे. तो आळस होता. आळसाला देवाचे नाव दिले की तो अंगाला लागत नाही, एवढेच.

आमची दिंडी तुकोबांच्या सोहळ्यात असते. भिगवण पालखीच्या वाटेवर येत नाही. आम्ही बारामतीला जाऊन मिळतो. 2018 सालीही तसेच निघालो. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण पाहिले, सणसरला मुक्काम केला, बेलवाडीला अश्वांचे रिंगण झाले. गाडी माझीच, दिंडीच्या कामाला लावलेली. दिंडीचालकांनी भिशीतून डिझेलसाठी दोन हजार रुपये माझ्याकडे दिले होते. काटा पावाच्या खाली आला तेव्हा वाटेत एक पंप लागला होता. पण तिथे दिंड्यांच्या ट्रकांची आणि टँकरची ही लांबलचक रांग. मी मनात जुना हिशेब मांडला : इंदापूर किती किलोमीटर, लिटरला किती चालते, म्हणजे एवढे सहज पुरेल. इंदापूरला हमरस्ता, तिथे पंपांना काय तोटा?

हिशेब चुकला कुठे, ते सांगतो. रस्त्यावर गाडी किलोमीटरवर तेल खाते, वारीत ती तासावर खाते. माणसांच्या मागे पहिल्या गियरमध्ये सरकायचे, पाच पावले गेले की थांबायचे, इंजिन चालूच. दिवसभरात जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर अंतर आणि डिझेल मात्र साठ-सत्तर किलोमीटरचे जाते. 31 वर्षे ज्या हिशेबाने बक्षिसे घेतली, त्याच हिशेबाने मला त्या रात्री तोंडघशी पाडले.

निमगाव केतकीच्या मुक्कामी कीर्तन संपून सगळे आडवे झाले होते. अकराच्या सुमाराला बायांच्या तंबूतून हाक आली. आमच्या दिंडीतल्या आक्का, वय सत्तरीच्या पुढे, सलग 28 वर्षे पायी चालणाऱ्या. छातीत कळ, अंगाला दरदरून घाम. जवळच्या आरोग्यपथकाची रुग्णवाहिका नुकतीच दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. तिची वाट पाहण्यापेक्षा इंदापूर गाठू म्हणून आक्कांना गाडीत घेतले. त्यांची सून बरोबर बसली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रक, राहुट्या, चुली आणि झोपलेली माणसे. मोठ्या रस्त्याने जाणे शक्य नव्हते, म्हणून उसाच्या आतल्या वाटेने वळसा घेतला. तांबडा दिवा केव्हाचा लागलेला होता. शहराच्या अलीकडे तीन-चार किलोमीटरवर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

पेट्रोलची गाडी असती तर चार लिटर ओतून बहुधा चालू झाली असती. डिझेलची जुनी गाडी कोरडी पडली की लाइनमध्ये हवा शिरते. मेकॅनिक लोक म्हणतात, गाडीने एअर घेतली. मग नुसते डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हाताने पंप मारत राहायचे, फेसाळ डिझेल येत असते ते स्वच्छ धार लागेपर्यंत जाऊ द्यायचे, मग स्क्रू आवळून पुन्हा स्टार्टर. शेजारच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरसाठी ठेवलेला पाच लिटरचा कॅन आणून दिला. कोण, कुठले, काही विचारले नाही. त्यांनी बॅटरी धरली आणि मी पंप मारू लागलो. हात थरथरत होते. आत आक्कांचे नामस्मरण चालू होते, मधेच थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. ते थांबले की माझाही हात थांबायचा. एकदा त्यांनी काच खाली घ्यायला लावली आणि म्हणाल्या, "बाबा, घाई करू नगंस. स्क्रू हातातनं पडला तर अंधारात घावायचा न्हाई."

पंचवीस मिनिटे गेली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. हृदयविकाराचा झटका होता. आक्का वाचल्या. पण त्यांची वारी तिथेच थांबली. चौथ्या दिवशी मुलगा त्यांना घरी घेऊन गेला. तेवढ्या उशिराने काही बिघडले का, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "लवकर आणलं असतं तर बरंच झालं असतं." त्यापेक्षा जास्त ते बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. ती पंचवीस मिनिटे आजही माझ्या खात्यावर आहेत.

दुसऱ्या दिवशी इंदापुरात मी ते दोन हजार रुपये दिंडीचालकांच्या पुढे ठेवले आणि म्हणालो, "गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या." ते माझ्यावर चिडले नाहीत. नोटा उचलून माझ्याच खिशात घातल्या आणि म्हणाले, "आधी भर. मग बोलू."

काट्याचे गणित खरे म्हणजे आम्हा भिगवणकरांना कळायला हवे. आमच्या पुढ्यात उजनीचे पाणी आहे. 1980 साली धरण झाले तेव्हापासून इथला माणूस रोज टक्केवारी बघतो. उन्हाळ्यात धरण शून्याच्या खाली गेले, उणे झाले, अशी बातमी येते तेव्हा बाहेरचा माणूस घाबरतो, धरण आटले म्हणतो. आटलेले नसते. एकूण साधारण 117 टीएमसीतले जवळजवळ 63 टीएमसी पाणी मृतसाठ्याचे, म्हणजे काट्यावरचे शून्य निम्म्याच्याही वर आहे. गाडीच्या रिझर्व्हसारखेच. आहे, पण ते हक्काने वापरायचे नाही. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ उघडे पडते. लोक दर्शनाला जातात, मीही गेलो आहे. पण त्या पायरीवर उभे राहिले की पोटात खड्डा पडतो, कारण देऊळ दिसणे म्हणजे पाणी नसणे. आणि पाऊस लांबला तर वारीच्या वेळी चंद्रभागेत आपण स्नान करतो ते पाणी याच धरणातून खाली सोडलेले असते. उजनीत काही राहिलेले असते म्हणून पंढरपूरला ते मिळते.

नाथमहाराजांच्या कावडीची कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. काशीहून गंगा भरून रामेश्वराला निघालेले नाथ वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला ती कावड पाजतात. कीर्तनकार भूतदया सांगतात, सर्वांभूती देव पाहणे सांगतात, ते खरेच आहे. पण त्या रात्रीपासून मला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. कावड भरलेली होती म्हणून पाजता आली. काशीहून निघताना नाथांना ते गाढव ठाऊक नव्हते. माझ्या गाडीचा काटा मला माझी गरज दाखवतो : मला इंदापूर गाठायला किती हवे. आक्कांची गरज त्यात कुठेच दिसत नव्हती.

मग नेहमी काठोकाठ भरूनच ठेवावी का? तसेही मला वाटत नाही. 2024 च्या जानेवारीत, पहिल्या एक-दोन तारखेला, ट्रक-टँकरचालकांच्या संपामुळे तेल मिळणार नाही अशी हवा उठली आणि गावोगावच्या पंपांवर रांगा लागल्या. आमच्या आळीतला एक जण पाऊण टाकी असताना रांगेत उभा राहिला, वर दोन कॅनही भरून घेऊन आला. माझा काटा अर्ध्याच्या जरा वर होता. मी घरीच बसलो. ज्याची टाकी खरोखर रिकामी आहे, ज्याला रात्री डायलिसिसच्या माणसाला न्यायचे आहे, त्याच्या पुढे आपण पाऊण टाकी घेऊन उभे राहायचे, हीसुद्धा एक प्रकारची चोरीच. ते दोन कॅन पुढे कितीतरी दिवस त्याच्या ओसरीवर पडून होते आणि घरभर वास येत होता.

तेव्हा पोरांना मी सांगतो ते असे. एरवी घरी असताना काटा पावावर आला की भरा, दिवा लागायची वाट पाहू नका. पेट्रोलच्या नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो, त्याला ते पेट्रोलच थंड ठेवते. कायम तळाशी चालवली तर तो तापतो. वारीत मात्र अर्ध्यावर आला की भरायचे, रांग असली तरी थांबायचे. नोझल आपोआप बंद झाले की बस. पंपावरच्या पोराला "अजून थोडं, अजून थोडं" म्हणू नका, उन्हात तेल फुगते, त्याला वर जागा लागते. पहाटे थंड असताना भरले तर जास्त मिळते असे काही जण सांगतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला पहाट आणि दुपार सारखीच. माप कमी वाटले तर पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागून घ्या, ते दाखवणे पंपावाल्याचे काम आहे. पण मागताना "माउली" म्हणून मागा. वारीच्या दिवसांत तो पोरगाही चोवीस-चोवीस तास उभा असतो.

आक्का पुढच्या वर्षी आल्या. डॉक्टरांनी चालायला बंदी केलेली, म्हणून विणेकऱ्यांना विचारून त्या माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. 2020 आणि 2021 ला पादुकाच एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा आम्ही दोघेही आपापल्या घरी टीव्हीसमोर हात जोडून बसलो होतो. ती दोन वर्षे सोडली तर त्यांची जागा ठरलेली आहे. वाचायला येत नाही, पण डॅशबोर्डवरचा तो एक काटा त्यांना पक्का कळतो. गेल्या वर्षी भिगवणहून निघताना मी नारळ फोडला, गाडीला हात जोडले आणि किल्ली फिरवली. आक्का पुढे वाकून बघत होत्या.

"कुठं हाय?"

"अर्ध्याच्या वर आहे, आक्का."

"वर म्हंजी किती?"

मी बोटाने दाखवले. त्यांनी चष्मा सारखा केला, पुन्हा पाहिले आणि पदर आवरून मागे टेकल्या.

"मंग बारामतीला घे भरून. रांग आसली तर आसू दे, मी तवर हरिपाठ म्हणती."