संप आणि पंप

आमच्या घरातला मासा मूळचा आमचा नव्हे, चिरंजीवांचा. चिरंजीव शिकायला जर्मनीस गेले आणि दिवाणखान्यातली काचेची पेटी, तिच्यातला वीतभर लांबीचा ऑस्कर मासा आणि “बाबा, त्याला सांभाळा” एवढे तीन शब्द मागे ठेवून गेले. दर रविवारी फोन येतो. पहिली चौकशी माशाच्या प्रकृतीची; आमची नंतर.

पेटीच्या खाली लाकडी कपाटात आणखी एक टाकी आहे. तिला या शौकातले लोक ‘संप’ म्हणतात. वरचे पाणी ओसंडून नळीने संपात उतरते. तिथे ते स्पंजातून आणि सच्छिद्र गोट्यांतून गाळले जाते. माशाच्या मलमूत्रातले विष पचविणारे जंतू त्या गोट्यांवर वस्ती करून असतात. मग एक पंप ते पाणी पुन्हा वर चढवितो. गेल्या श्रावणात एका सकाळी हा पंप बंद पडला. म्हणजे पंपानेच संप पुकारला! (ही कोटी मी हिला ऐकविली. ती हसली नाही.)

वेळही हसण्याची नव्हती. पाणी थांबले की त्या जंतूंना प्राणवायू मिळेनासा होतो. मासा वर येऊन तोंड उघडू-मिटू लागला होता. मी छत्री घेऊन क्रॉफर्ड मार्केटकडे धावलो. आणि एरवी ज्या माशाकडे ढुंकूनही न पाहणारी ही, ती स्टुलावर बसून तांब्याने पाणी उचलून वरून ओतीत राहिली.

हिशेब मी गाडीतच केला होता. पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे सुमारे २५० लिटर पाणी. ते तासाला चार वेळा फिरावे, अशी चिरंजीवांची ताकीद. खोक्यावर ‘ताशी १००० लिटर’ असे छापलेला पंप घेतला आणि विजयी मुद्रेने परतलो. पंप गुरगुरला, पाणी नळीत चढले आणि पेटीच्या काठाखाली चार बोटांवर येऊन थबकले. पुढे एक थेंब सरकेना!

खोके उलटे केले, तर तळाशी बारीक अक्षरांत : कमाल उंची १.१ मीटर. म्हणजे त्या उंचीला प्रवाह शून्य. वर मोठ्या अक्षरांत छापलेले १००० लिटर हे मुळीच चढ नसतानाचे. आमच्या पाण्याला चार फूट चढायचे होते, शिवाय वाटेत दोन वळणे. नोकरीच्या पगारासारखेच हे : कागदावर किती ते विचारू नये, कापून हातात किती पडते ते विचारावे. जन्मभर हिशेबनीस म्हणून काढलेल्या माणसाला हे कळू नये!

दुसऱ्या फेरीत दुकानदाराकडून, कोणत्या उंचीला किती पाणी, हा आलेखच मागून घेतला. ताशी ३००० लिटर आणि कमाल उंची ३ मीटर असलेला डीसी पंप पसंत केला. किंमत ऐकून घशाला कोरड पडली. पण वेग कमी-जास्त करायला कळ, वीज कमी आणि आवाज जवळजवळ नाहीच. घरी कळ तीनवर ठेवून घड्याळ लावले. १० लिटरची बादली ३० सेकंदांत भरली. ताशी १२०० लिटर! मासा खाली उतरला. हिने तांब्या ठेवला.

संध्याकाळी वीज गेली. जुन्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक होते. ती गळकी समजून मी अखंड नळी बसविली होती. पंप थांबताच पेटीतले पाणी त्या नळीतून उलटे खाली ओढले गेले आणि संप ओसंडून दिवाणखान्यात तळे झाले. त्या भोकातून हवा शिरली की पाण्याची ओढ तुटते, म्हणून चिरंजीवांनी ते मुद्दाम पाडलेले! तसेच भोक मी मेणबत्तीच्या उजेडात नव्या नळीला पाडले. ही पदर खोचून लादी पुशीत होती. बोलली काही नाही.

रात्री सगळे शांत झाले. जुना पंप रात्रभर घूं घूं करी आणि त्यापायी झोप लागत नाही, ही हिची चार वर्षांची तक्रार. नवा चालू आहे की नाही, हे हात लावून पाहावे लागत होते.

“घर कसे सुने वाटते,” ही अंधारात म्हणाली. “तो होता तेव्हा रात्रभर आवाज असायचा.”

‘तो’ म्हणजे कोण, हे मी विचारले नाही.

सकाळी पाहतो, तर कळ तीनवरून पाचवर सरकली होती. संपात पाणी खळखळा कोसळत होते. आणि ही स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरीत होती.