गुळाचा खडा

गेल्या मे महिन्यात मला पंधरा दिवसांची रजा मिळाली. धर्मग्रामातील स्नेह्यांनी गोवा सुचवला, कुणी केरळ. मी नांदेड-लातूर म्हणताच सारे हसले. "फादर, भर उन्हाळ्यात मराठवाडा?" त्यांचे अगदीच चुकत नव्हते. २०१६ साली लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. परंतु माझे तिकडे एक जुने देणे राहिले होते.

नांदेडला प्रथम सचखंड गुरुद्वारात गेलो. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली याच नगरीत देह ठेवला. लंगरच्या पंगतीत बसलो. पोळी वाढणाऱ्या वृद्ध सेवेकऱ्यापुढे सवयीने ताट सरकवले, तर तो थांबला व अस्खलित मराठीत म्हणाला, "बाबाजी, दोन्ही हात पुढे करा." ओंजळीत त्याने गरम पोळी ठेवली. पंचवीस वर्षे मी इतरांच्या तळहातांवर ख्रिस्तशरीर ठेवत आलो आहे. स्वतः असे हात पसरण्याची सवय मात्र मोडली होती.

लातूरच्या एस.टी.त एका फेटेवाल्या शेतकऱ्याने आग्रहाने मला खिडकीची जागा दिली. (उन्हाची झळ त्याच बाजूने येत होती, हे अहमदपूरच्या पुढे ध्यानात आले!) सोयाबीनच्या भावाची सारी कहाणी ऐकवून तो उतरला.

लातूरहून किल्लारीला गेलो. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकती निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. मी तेव्हा सेमिनरीत शिकत होतो. मदतकार्यासाठी आमची तुकडी आली होती. ढिगाऱ्यालगत ताडपत्रीखाली बसलेल्या एका आजोबांनी मला पाणी आणि गुळाचा खडा पुढे केला. मी म्हणालो, "नको आजोबा, तुम्हालाच ठेवा." मला तो माझा संयम वाटला. त्यांनी हात मागे घेतला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले नाही. घरदार गेलेल्या माणसाजवळ पाहुण्याला देण्याजोगे तेवढेच उरले होते, आणि तेच मी नाकारले होते. शिष्यांना गावोगावी धाडताना येशूने पुढ्यात येईल ते खाण्यास बजावले होते. लूकच्या शुभवर्तमानातील तो भाग आम्ही त्याच वर्षी वर्गात अभ्यासला होता!

नव्या किल्लारीचे रस्ते रुंद आणि सरळ आहेत. आजोबांचे नावही मी तेव्हा विचारले नव्हते, मग चौकशी कुणाची करणार? एका घराच्या सावलीत उभा राहिलो, तोच आतून हाक आली, "पाव्हणं, भाईर कशाला? आत या की."

एका वृद्ध बाईंनी आधी पाण्याचा तांब्या दिला, विचारपूस नंतर केली. मी ख्रिस्ती धर्मगुरू आहे हे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे देवाचंच माणूस." ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढ्यात आली. भूकंपाच्या वेळी आलो होतो असे सांगताच त्यांनी विचारले, "तवा आमच्या गावचं काई खाल्लं-पेलं का न्हाई?"

मी गुळाच्या खड्याची गोष्ट सांगितली. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग टोपलीतली आणखी एक भाकरी काढून त्यांनी माझ्या ताटात मोडली.

"मंग आता जेवा."

पोट भरले होते. मी ती भाकरी खाल्ली.