चला, सरकार बघायला!

इंग्रजीच्या तासाला तुम्हाला कधी असा प्रकल्प मिळालाय का? ‘कुठलाही एक परका देश निवडा. तिथलं सरकार कसं चालतं ते शोधून काढा आणि इंग्रजीत एक पान लिहून आणा.’

मिळाला असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. आदल्या रात्री घरभर धावपळ! आई माहिती शोधतेय, बाबा स्पेलिंग सांगताहेत, आजी म्हणतेय, ‘अरे, जेवून तरी घ्या!’ राजधानीचं नाव झालं, पंतप्रधानांचं नाव झालं, झेंडाही रंगवून झाला. पान भरलं, सुटलो एकदाचे!

आता मी तुम्हाला अशा एका माणसाची ओळख करून देणार आहे, ज्याला हाच प्रकल्प पुरा करायला जवळजवळ १४ वर्षं लागली. आणि तो वहीतल्या गुणांसाठी नव्हता बरं का! त्यावर एक अख्खं राज्य अवलंबून होतं. ही गोष्ट ऐकायला परदेशात जायची गरज नाही. सुट्टीत आई-बाबांना घेऊन साताऱ्याची एसटी पकडा. दोन दिवस हाताशी ठेवा, कारण साताऱ्याहून आपल्याला सांगली जिल्ह्यातही उतरायचंय.

साताऱ्याचा राजवाडा

साताऱ्यात शिरलं की अजिंक्यतारा आपली सोबत सोडत नाही. कुठल्याही गल्लीतून मान वर करा, किल्ला आहेच. त्याच्या पायथ्याच्या गावात जुना राजवाडा आहे. इथं छत्रपती प्रतापसिंह महाराज राहत. पेशवाई बुडाल्यावर, १८१९ साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांच्याशी तह केला आणि त्यांना साताऱ्याचं राज्य दिलं. महाराज मोठे हौशी आणि अभ्यासू होते. त्यांनी शहराला तळ्यातून पाणी आणलं, रस्ते केले, छापखाना आणला आणि शाळाही काढली. रोजनिशी लिहायची तर त्यांना सवयच होती.

पण कंपनीचं आणि त्यांचं बिनसलं. ‘महाराज आमच्याविरुद्ध कट करताहेत,’ असा आरोप आला. १८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. त्यानं एक कागद पुढे केला. सही केली तर गादी राहील. पण सही करणं म्हणजे ‘मी चुकलो’ असं कबूल करणं. तुम्ही काय केलं असतं? महाराजांनी सही केली नाही. ‘न केलेला गुन्हा कबूल कशाला करू?’ हीच त्यांची भूमिका. सप्टेंबरमध्ये त्यांना गादीवरून उतरवलं आणि दूर काशीला पाठवून दिलं. गादीवर त्यांच्या धाकट्या भावाला बसवलं.

आता दाद मागायची कुणाकडे? ज्या गव्हर्नरनं राज्य काढून घेतलं, त्याच्याकडेच? महाराजांचे वकील होते रंगो बापूजी गुप्ते. ते निघाले थेट लंडनला! तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. तो झाला १८६९ मध्ये. पोचायलाच महिनोन्‌महिने लागायचे. मुलूख परका, थंडी कडाक्याची, खाणं वेगळं आणि भाषा तर साफ अनोळखी.

लंडनमधला मराठी विद्यार्थी

रंगो बापूजींनी तिथं दोन गोष्टी शिकायला घेतल्या. एक इंग्रजी, आणि दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजांचं सरकार चालतं कसं! जरा त्यांच्या वहीत डोकावल्यासारखं करू या.

हिंदुस्थानावर राज्य करत होती एक कंपनी. तिचे मालक होते भागधारक, म्हणजे ज्यांनी तिच्यात पैसे गुंतवले होते ते लोक. ते डायरेक्टर निवडायचे. डायरेक्टर होते २४. त्यांचं मोठं कार्यालय लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावर होतं. पण डायरेक्टरांवरही नजर ठेवायला इंग्लंडच्या सरकारनं एक मंडळ नेमलेलं, त्याचं नाव बोर्ड ऑफ कंट्रोल. आणि या सगळ्यांच्या वर पार्लमेंट.

म्हणजे गंमत बघा! साताऱ्याच्या शेतकऱ्यावर कुणाचं राज्य असावं, हे लंडनमधले भागधारक सभेत हात वर करून ठरवणार. त्यातल्या बहुतेकांनी सातारा नकाशावरसुद्धा पाहिला नसेल!

रंगो बापूजी या शिडीची एकेक पायरी चढले. अर्ज लिहिले. इंग्रजीत पुस्तिका छापून वाटल्या. भागधारकांच्या सभेत आपल्या महाराजांची बाजू मांडली. त्यांना तिथं मित्रही मिळाले. गुलामगिरीविरुद्ध झगडणारे जॉर्ज थॉम्प्सन साताऱ्याच्या बाजूनं बोलले. पार्लमेंटमध्ये जोसेफ ह्यूम यांनी प्रश्न उचलून धरला. सगळेच इंग्रज अन्यायाच्या बाजूचे नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं.

पण झालं काय? भागधारकांच्या सभेत मतं पडली ती बहुतेक विरुद्ध बाजूला. १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीलाच वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधूही गेले. त्यांनी दत्तक घेतलेल्या मुलाला कंपनीनं मानलं नाही आणि १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा करून टाकलं. रंगो बापूजी तरीही भांडत राहिले. १८५३ च्या अखेरीस ते परत निघाले, ते रिकाम्या हातांनी.

बिचाऱ्यांचा अभ्यास कमी पडला का? नाही हो! त्यांना नियम पाठ झाले होते. अडचण अशी होती, की नियम करणाऱ्यांत आणि मत देणाऱ्यांत साताऱ्याचा एकही माणूस नव्हता.

परतल्यावर ते १८५७ च्या उठावाच्या तयारीला लागले. बेत फुटला. रंगो बापूजी निसटले ते कायमचेच. पुढे ते कुणाच्या हाती लागले नाहीत. साताऱ्यात ८ सप्टेंबर १८५७ रोजी १७ जणांना गेंडा माळावर ठार करण्यात आलं. कुणाला फाशी दिली, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं, कुणाला गोळ्या घातल्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. गेंडा माळावर त्यांचं स्मारक आहे. तिथं गेलात तर दोन मिनिटं गप्प उभे राहा.

त्याच गावातला आणखी एक विद्यार्थी

आता राजवाड्याकडे परत वळा. साताऱ्याची सरकारी इंग्रजी शाळा, म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल, बराच काळ याच राजवाड्यात भरायची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव दाखल झालं. घरचे त्याला भिवा म्हणत. ओळखलंत ना? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतात, तो याचसाठी.

इंग्रजीची अक्षरं गिरवणारा हा मुलगा पुढे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकला. निरनिराळ्या देशांच्या राज्यघटना त्यानं कसून वाचल्या. २९ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्या राज्यघटनेचा मसुदा करणारी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष झाले बाबासाहेब. त्या घटनेनं मताचा हक्क प्रत्येक प्रौढ माणसाला दिला. पैसा असो नसो, जात कुठलीही असो, बाई असो की पुरुष असो. रंगो बापूजी ज्या सभेत हरले, तिथं मत मिळवायला कंपनीचे भाग विकत घ्यावे लागायचे!

औंधचा राजा म्हणाला, ‘हे घ्या तुमचं राज्य!’

दुसऱ्या दिवशी सकाळी रहिमतपूरच्या वाटेनं औंध गाठा. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. आज आपण सहज जातो. पण १९४८ च्या आधी ही वाट म्हणजे दुसऱ्या सरकारच्या हद्दीत शिरणं होतं. साताऱ्यावर इंग्रजांचा अंमल आणि औंधचं संस्थान वेगळं. आजच्या सांगली जिल्ह्याचा नकाशा तर गोधडीसारखा होता. सांगली वेगळं, मिरज वेगळं, जत वेगळं. औंध संस्थानचे तुकडेही लांबलांब विखुरलेले. औंध साताऱ्याकडे, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ थेट विजापूरकडे!

औंधचे राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. यमाईच्या डोंगराच्या अंगावर त्यांनी उभारलेलं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. तिथं हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं दगडी ‘आई आणि मूल’ बघायला मिळतं.

पण आपण आलोय सरकार बघायला. राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला शिकून आले होते. त्यांची गाठ पडली मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरशी. हे फ्रीडमन बंगळूरला कारखाना चालवायला आले आणि गांधीजींचे चाहते होऊन गेले. या मंडळींच्या डोक्यात आलं, की राज्य लोकांच्याच हाती देऊन टाकलं तर? गांधीजींचा सल्ला घेतला. नोव्हेंबर १९३८ मध्ये राजांनी तसं जाहीर केलं आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी घटना अमलात आली.

तिची रचना खालून वर होती. गावानं आपले पंच निवडायचे. गावोगावच्या पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुक्याची समिती. आणि तालुक्यांतून निवडलेली माणसं संस्थानच्या विधिमंडळात. लंडनची शिडी आठवतेय ना? तिथं हुकूम वरून खाली यायचा. औंधला पहिली पायरी गावच्या पारावरच होती.

याच काळात आटपाडीजवळ एक नवल घडलं. भिंती नसलेला तुरुंग! नाव ठेवलं स्वतंत्रपूर. कैद्यांनी बायकामुलांसह राहायचं, शेती करायची आणि माणूस म्हणून पुन्हा उभं राहायचं. आजी-आजोबांना ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा सिनेमा विचारा. व्ही. शांताराम यांच्या या सिनेमाची कथा ग. दि. माडगूळकरांची. ते याच माणदेशातले आणि त्या कथेमागची प्रेरणा होती स्वतंत्रपूरची.

कुंडल : सरकारात सरकार

शेवटचा मुक्काम कुंडल. रेल्वेनं आलात तर किर्लोस्करवाडीला उतरा, तिथून कुंडल जवळच. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीनंतर इथं काही निराळंच शिजलं. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी ठरवलं, की इंग्रजांना नुसतं ‘जा’ म्हणून भागायचं नाही, आपला कारभार आपणच करून दाखवायचा. हेच ते साताऱ्याचं प्रतिसरकार. १९४३ ते १९४६ या काळात ते खेडोपाडी चाललं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. हा सारा भाग सातारा जिल्ह्यात मोडायचा.

नाना पाटील आधी तलाठी होते, म्हणजे इंग्रजांचा कारभार त्यांनी आतून पाहिलेला. प्रतिसरकारनं गावात न्यायमंडळं नेमली. तंटे गावातच मिटू लागले. कर्ज काढून थाटाची लग्नं करायची नाहीत, साधी ‘गांधी लग्नं’ लावायची. दारूला बंदी. गावगुंडांना आणि सावकारांना चाप. तरुणांची ‘तुफान सेना’ उभी राहिली, जी. डी. बापू लाड तिच्या पुढाऱ्यांपैकी एक. कुंडल औंध संस्थानात असल्यामुळे इंग्रजांच्या पोलिसांना तिथं सरळ घुसता येत नसे. औंधच्या राजाची हद्द अशी क्रांतिकारकांच्या कामी आली!

हे सगळं शांततेत झालं असं मात्र समजू नका. खजिने आणि सरकारी रेल्वेगाड्या लुटल्या गेल्या, हाणामारी झाली, शिक्षाही कठोर दिल्या गेल्या. गुन्हेगाराच्या तळपायावर मारायच्या शिक्षेवरून विरोधकांनी त्याला ‘पत्री सरकार’ असं नाव पाडलं. अशा शिक्षा योग्य की अयोग्य, यावर घरात आई-बाबांशी वाद घाला. आवाज मात्र चढवू नका!

८ मार्च १९४८ रोजी औंध, सांगली अशी दक्षिणेतली संस्थानं तेव्हाच्या मुंबई प्रांतात विलीन झाली. मग १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव पडलं सांगली.

आता तुमची पाळी

पुन्हा तो इंग्रजीचा प्रकल्प मिळाला, तर झेंडा नंतर रंगवा. आधी हे पाच प्रश्न विचारा. कायदा कोण करतं? त्यांना कोण निवडतं? कराचे पैसे कुणाच्या सांगण्यावरून खर्च होतात? अन्याय झाला तर तक्रार कुठं करायची? आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, निकालही तोच देतो का? हा पाचवा प्रश्न रंगो बापूजींच्या लढाईतला आहे, तो विसरू नका.

हेच पाच प्रश्न आपल्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेलाही लावून बघा. तुमच्या गावची ग्रामसभा कधी आहे ते विचारा आणि आई-बाबांना म्हणा, ‘या वेळी तुम्ही जाच, मीही येऊन मागे बसते.’ मत द्यायला तुम्हाला १८ वर्षं पुरी व्हावी लागतील. प्रश्न विचारायला मात्र आजपासूनच सुरुवात करता येईल.