पायाखालची ऊब

मराठीत पायांवरून किती वाक्प्रचार आहेत, हे मी दरवर्षी वर्गात मोठ्या हौसेने सांगतो. आपण पाय धरतो, पाय काढता घेतो, पाय मोडून बसतो, अंथरूण पाहून पाय पसरतो. नव्या सुनेचा पायगुणसुद्धा पाहतो. पण समोरच्या माणसाचे पाय गार आहेत की ऊन, एवढे मात्र कोणी पाहत नाही. निदान मी तरी पाहिले नव्हते. मराठीच्या या प्राध्यापकाला ते वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका परक्या घराच्या जमिनीने शिकवले.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन या गावी असतो. मी कळंबला, वडिलांनी बांधलेल्या घरात, आई माझ्याजवळ. भावजयीचे बाळंतपण डिसेंबरात यायचे होते, म्हणून आईला दिवाळीनंतर पाठव, असा त्याचा फोन आला. आता आमच्या आईने उभ्या जन्मात घरात चप्पल घातलेली नाही. भाजी चिरायला ती खाली बसते, गहू निवडायला खाली बसते आणि रागावली म्हणजे तर हमखास खाली बसते. मी फटकन बोलून गेलो, "तुझ्या त्या बर्फातल्या जमिनीवर ती दोन दिवस टिकायची नाही. आईला सांभाळणे म्हणजे डॉलर पाठवणे नव्हे!"

फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग तो एवढेच म्हणाला, "बरं, दादा."

पंधरा दिवसांनी त्याचा पुन्हा फोन. "दादा, आपल्याकडे सुतार लाकूड किती दिवस मुरवायचे रे?" मला वाटले, स्वारीला गावची आठवण आली असावी. यवतमाळ जिल्हा सागवानाचा. त्या विषयावर बोलायला मला आमंत्रण लागत नाही. वडिलांनी माडी घातली तेव्हा सुताराने फळ्यांच्या मधे काड्या घालून थप्पी रचली होती आणि तीही त्याच खोलीत, सबंध पावसाळाभर. "लाकडाला आधी घर ओळखू द्या," असे तो म्हणे. हे मी रंगवून सांगितले. भाऊ म्हणाला, "इथला माणूसही हेच म्हणतो. मला वाटलं, तो उगीच वेळ काढतोय."

तेव्हा कुठे उलगडा झाला. तो घरातली जमीनच तापवायला निघाला होता! तळघरात उतरून वरच्या तुळयांच्या मधल्या जागेत त्याने प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या नागमोडी बसवून घेतल्या होत्या. नळ्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे, म्हणजे ऊब एका रेषेत न राहता सगळीकडे पसरावी. आणि त्याखाली जाड अस्तर, म्हणजे ती तळघरात न जाता वर यावी. या नळ्यांतून गरम पाणी फिरायचे आणि वर लाकडी फळ्यांची जमीन.

ही युक्ती काही नवी नव्हे. रोमन लोक स्नानगृहाची जमीन बुटक्या खांबांवर उचलून खालून विस्तवाची धग सोडत. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालच्या मोऱ्यांतून फिरवून मग बाहेर काढायचा रिवाज होता; त्याला ते ओंडोल म्हणतात. लांब कशाला, आपल्या काश्मिरात मशिदींतून आणि जुन्या घरांतून दगडी जमिनीखाली लाकडे पेटवून हमाम तापवतात. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाला जपानमध्ये एका धनिकाच्या घरी कोरियन पद्धतीची खोली भेटली आणि तो त्या उबेच्या प्रेमातच पडला. पुढे १९३७ साली त्याने एका मध्यमवर्गीय कुटुंबासाठी साडेपाच हजार डॉलरांत घर बांधून दिले. त्याच्या जमिनीखाली तापवायच्या नळ्या घातल्या होत्या. २०१९ साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. आणि योगायोग असा, की ते घर मॅडिसनमध्येच आहे!

दगडाखाली आच घालणे सोपे. लाकडाचे तसे नाही. लाकूड उष्णता सावकाश सोडते आणि फार तापवले तर आकसते, वाकते. म्हणून वरचा पृष्ठभाग सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपलीकडे जाऊ द्यायचा नाही, शिवाय उष्णता एकदम न देता दिवसादिवसाने चढवायची. हे ऐकून मी हसलोच. "अरे, आपल्या कळंबला मे महिन्यात फरशी याहून जास्त तापते, तीही फुकट!" उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला म्हणजे गावातल्या चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावे आणि गार दगडावर पाय टेकावेत, यासारखे सुख नाही. आमची सारी अक्कल जमीन गार ठेवण्यात खर्च झालेली. भाऊ मात्र हसला नाही.

फळ्या ठोकताना एक खिळा आरपार जाऊन नळीत घुसला. नशीब, नळ्यांत हवा दाबून भरून ठेवली होती आणि मापकाचा काटा खाली आला. नाहीतर पाणी सोडल्यावर तळघरात धबधबा सुरू झाला असता. तेवढी नळी बदलली. आई विमानात बसली तेव्हा जमीन तयार होऊन चार दिवस झाले होते.

आता एक कबुली देतो. आईचा पहिला फोन येईपर्यंत मी मनातून वाट पाहत होतो, की ती म्हणेल, "मले नाही बा करमत इथं." ती म्हणाली, "बाहेर हा एवढा बर्फ पडून राहिला, पण पाय कसे गरम राहतात रे! बाळाला मी खालीच घेऊन बसते." मी "छान, छान" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर उगीचच बायकोवर डाफरलो.

जानेवारीत भावाचा आवाज पडलेला. कोरड्या हवेने फळ्या आकसून मधे भेगा पडल्या होत्या. "दादा, घाई केली. अजून थोडं मुरू द्यायला हवं होतं." मी काही बोलण्याआधी मागून आईचा आवाज आला, "जमीन उलली म्हणजे का वावर वाया गेलं? पाणी पडलं की मिटते." तिने आमच्या काळ्या रानातल्या उन्हाळी भेगा जन्मभर पाहिलेल्या. तिचे म्हणणे खरे ठरले. जुलैत हवेत ओल आली, लाकूड फुगले आणि बहुतेक भेगा आपोआप मिटल्या.

आई पाडव्याला परत आली. येताना भावजयीने तिच्याजवळ सहज सांगितलेली एक गोष्ट तिने तितक्याच सहज मला सांगितली: जमिनीचा हा सारा खटाटोप माझ्या त्या एका वाक्यानंतर सुरू झाला होता. त्या रात्री भाऊ जेवला नव्हता.

मी गप्प राहिलो. पण खरी शिक्षा पुढेच होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका पहाटे मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. आमच्याकडे उन्हाळा जसा कडक तशी थंडीची पहाटही बोचरी. शहाबादी फरशी बर्फासारखी. आई ओट्याशी चहा ठेवत उभी होती. पायांखाली तिने एक जुने गोणपाट चौघडी करून घेतले होते. कडा झिजलेल्या, मधे पावलांच्या दोन खळगी.

"हे केव्हापासून?" मी विचारले.

"कायचं? हे होय? तुझे बाबा होते तेव्हापासून."

म्हणजे वीस वर्षे तरी. त्या ओट्यावरचा चहा मी रोज पीत होतो. आईला आपणच सांभाळतो, असे समजत होतो.

त्याच दिवशी सुताराकडे गेलो. ओट्याशी उभे राहायला सागवानी पाट हवा म्हणून सांगितले. लांबरुंद, बुटक्या पायांचा. तो म्हणाला, "लाकूड आहे सर, पण पंधरा दिवस मुरू द्या."

रात्री भावाला फोन लावला. ते जुने वाक्य मागे घ्यायचे होते; भाषेचा प्राध्यापक असून शब्द सापडेनात. शेवटी म्हणालो, "आईसाठी पाट करायला टाकलाय. खिळे किती लांबीचे घ्यायचे, एवढं सांग."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.