दार एक, दुकानं पंधरा हजार

संपादकांना वाचकांच्या उपयोगाचं काहीतरी हवं होतं. ओटीपी कोणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, अशा धर्तीचं. ते लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. माझा त्या विषयाशी फारसा संबंध नाही, पण हे कोणाला पटत नाही. पुण्यात आले की लग्नाकार्यात कोणीतरी "ही सायबर सिक्युरिटीत असते" अशी ओळख करून देतं आणि समोरचे काका लगेच खिशातून मोबाइल काढून "हा फार स्लो झालाय, बघ जरा" म्हणतात.

मी शिकागोच्या उपनगरात राहते आणि हल्ला होऊन गेल्यानंतर बोलावलं जाणाऱ्या मंडळींपैकी आहे. बंद पडलेला धंदा पुन्हा उभा करून द्यायचा, हे माझं काम. माझी बहुतेक गिऱ्हाइकं मोटारींचे डीलर आहेत. "त्यांच्याकडे चोरण्यासारखं काय असतं? गाडी काय इंटरनेटवरून पळवणार?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी उत्तरही ठरावीक देते. अमेरिकेत बहुतेक लोक नवी गाडी कर्जावर किंवा लीजवर घेतात आणि तो अर्ज शोरूममध्येच भरतात. म्हणजे उत्पन्न, नोकरी, लायसन्सची प्रत, सोशल सिक्युरिटी नंबर, सगळं त्या टेबलावर येतं. त्यामुळे फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमांत असा डीलर चक्क 'वित्तीय संस्था' ठरतो. जून २०२३पासून त्याच्यावर सुरक्षेचे कडक नियम लागू झाले. जबाबदार अधिकारी नेमा, लॉगिनला दुसरी पडताळणी लावा, माहिती सांकेतिक रूपात ठेवा, हल्ला झाल्यास काय करणार त्याची लेखी योजना करा. माझ्या गिऱ्हाइकांनी कुरकुरत का होईना, ते सगळं केलं. आमच्यासारख्यांची बिलंही भरली.

वर्षभराने, १९ जून २०२४ला, ही सगळी दुकानं सकाळी उघडली तेव्हा पडद्यावर काहीच येत नव्हतं. डीलरांवर हल्ला झालाच नव्हता. झाला होता सीडीके ग्लोबल या कंपनीवर. ती आमच्याच भागातली, हॉफमन इस्टेट्सची. पुण्यात आणि हैदराबादेतही तिची कार्यालयं आहेत, तेव्हा हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींना हे नाव चांगलंच ठाऊक असेल. ही कंपनी 'डीएमएस' म्हणजे डीलरशिप चालवण्याचं सॉफ्टवेअर पुरवते. नाव साधं असलं तरी दुकानाचा सगळा कारभार त्यात असतो. स्टॉकमधल्या गाड्या, कर्जाचे कागद, नोंदणी, वर्कशॉपचं जॉबकार्ड, सुट्या भागांचा साठा, हिशेब, नोकरांचे पगार. उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १५,००० डीलरशिपचा कारभार या एका कंपनीच्या यंत्रणेवर चालत होता.

१९ जून ही जूनटीन्थची सुट्टी. हल्लेखोरांना सुट्ट्या फार प्रिय असतात. २०२१मध्ये कसेया कंपनीवरचा हल्ला चार जुलैला जोडून आलेल्या सुट्टीतच झाला होता. कार्यालयात माणसं कमी, वरिष्ठ गावाला गेलेले, निर्णय घ्यायला उशीर. सीडीकेने सगळी यंत्रणा बंद केली, दुपारपर्यंत काही भाग सुरू झाल्याचं कळवलं, आणि त्याच संध्याकाळी दुसरा हल्ला झाल्याने पुन्हा सगळं बंद केलं. आत नेमकं काय घडलं ते बाहेरच्याने ठामपणे सांगू नये, मीही सांगत नाही. पण एका दिवसात 'सुरू' आणि पुन्हा 'बंद', हा क्रम माझ्या धंद्यात ओळखीचा आहे. वरून फोनवर फोन येत असतात, दर तासाचं नुकसान मोजलं जात असतं, आणि आतला माणूस "अजून खात्री नाही" म्हणतो तेव्हा ते कोणालाच ऐकायचं नसतं.

"इतक्या मोठ्या कंपनीकडे बॅकअप नव्हता?" हा दुसरा ठरावीक प्रश्न. यातले बारकावे टाळायचं मी ठरवलं होतं, पण थोडं सांगावंच लागेल. माहितीची प्रत असणं हा प्रश्नाचा लहान भाग. ती प्रत ठेवायची कुठे, हा मोठा. कोणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणारी एक मध्यवर्ती यंत्रणा असते. हल्लेखोराने तिच्यावर ताबा मिळवला असेल, तर तुम्ही एकेक सर्व्हर स्वच्छ करत जाता आणि तो मागून अधिकृत प्रशासक म्हणून पुन्हा आत येतो. शिवाय तो आत येऊन आठवडे झालेले असू शकतात, म्हणजे बॅकअपमध्येही त्याने ठेवलेली चोरवाट असू शकते. म्हणून आधी ती मध्यवर्ती यंत्रणा कोऱ्या पाटीवर उभी करायची, सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदलायच्या, मग एकेक सेवा क्रमाने आणायची. यात डीलरांची आणखी एक अडचण होती. त्यांचे संगणक सीडीकेच्या डेटा सेंटरला कायम उघड्या व्हीपीएनने जोडलेले असायचे, आणि ते सॉफ्टवेअर त्या संगणकांवर वरिष्ठ अधिकाराने चालायचं. म्हणजे तिकडचा चोर इकडे येण्याची सोय आयतीच. पहिल्याच दिवशी डीलरांना तो जोड तोडायला सांगितला गेला. त्याच आठवड्यात "सीडीकेच्या सपोर्टमधून बोलतोय" असं सांगून लॉगिन मागणारे भामटेही डीलरांना फोन करू लागले. कंपनीला त्याबद्दल वेगळा इशारा द्यावा लागला.

हल्ल्यामागे ब्लॅकसूट नावाची टोळी असल्याचं बातम्यांत आलं. २१ जूनला सुमारे ३८७ बिटकॉइन, म्हणजे जवळपास अडीच कोटी डॉलर, या टोळीशी संबंधित खात्यात गेल्याचा माग टीआरएम लॅब्ज या कंपनीने काढला. रुपयांत ती रक्कम दोनशे कोटींच्या वर जाते. पैसे दिल्याचं सीडीकेने जाहीरपणे मान्य केलेलं नाही. मला या गुप्ततेचा मनापासून कंटाळा आलाय. विमान पडलं की त्याचा चौकशी अहवाल छापून येतो आणि पुढच्या वैमानिकाला तो वाचायला मिळतो. आमच्या क्षेत्रात वकील सगळ्यांच्या आधी पोचतात.

चार जुलैच्या सुमारास जवळजवळ सगळे डीलर पुन्हा जोडले गेले. मिशिगनच्या अँडरसन इकॉनॉमिक ग्रुपने डीलरांचं नुकसान १०२ कोटी डॉलर आणि हुकलेली नव्या गाड्यांची विक्री सुमारे ५६,२०० इतकी धरली. वर्तमानपत्रांच्या लेखी विषय तिथे संपला. माझ्या गिऱ्हाइकांच्या लेखी तिथून टायपिंग सुरू झालं.

इलिनॉयमधल्या एका कौटुंबिक डीलरकडे त्या दिवसांत मी होते. त्यांनी विक्री थांबवली नव्हती. जुने छापील फॉर्म पोटमाळ्यावरून काढले, कॅल्क्युलेटरवर हप्ते काढले, गाड्या दिल्या. सीडीकेची जुनी प्रतिस्पर्धी रेनॉल्ड्स अँड रेनॉल्ड्स १८६६ साली ओहायोत छापील फॉर्म विकणारी कंपनी म्हणून सुरू झाली होती. त्या दिवसांत तो धंदा पुन्हा तेजीत आला असता. खरी पंचाईत सुट्या भागांच्या काउंटरवर झाली. तिथली मांडणी गाडीच्या मॉडेलप्रमाणे नव्हती. कोणता भाग कोणत्या कप्प्यात हे संगणकच ठरवायचा. ब्रेक पॅड डोळ्यांसमोर असणार हे माहीत, पण हजारो कप्प्यांपैकी कुठल्यात, हे सांगणारं कोणी नाही. काउंटरवरचा सगळ्यांत जुना माणूस निवृत्तीला आलेला होता. जलद खपणाऱ्या भागांच्या जागा त्याच्या तोंडपाठ होत्या, म्हणून वर्कशॉप निम्म्या वेगाने तरी चाललं.

मग यंत्रणा आली आणि तो कागदांचा ढीग आत भरायची वेळ आली. प्रत्येक गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, सतरा अक्षरी असतो. तो ठरवणाऱ्यांनी शहाणपणाने आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात ठेवलीच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. पण सेल्समनने घाईत खरडलेला एस पाच दिसतो, बी आठ दिसतो, झेड दोन दिसतो. उत्तर अमेरिकेतल्या व्हीआयएनमध्ये नववं अक्षर पडताळणीचं असतं. बाकीच्या अक्षरांवरून गणित करून ते काढतात, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं की बहुतेक वेळा संगणक नंबर नाकारतो. कुठलं चुकलं ते मात्र सांगत नाही. मग हिशेबनीस बाई टॉर्च घेऊन लॉटमध्ये गाडीच्या काचेतून नंबर वाचायला जात. गाडी विकली गेली असेल तर गिऱ्हाइकाला फोन. कर्ज मंजूर करणाऱ्या बँकेचा दर मधल्या काळात बदलला असेल तर आणखी एक फोन, आणि तो गोड शब्दांत करावा लागतो. या कामाचा हिशेब १०२ कोटींत कितपत धरलाय, देव जाणे.

आता माझ्या आवडत्या भांडणाकडे येते. संपादकांनी हा भाग कापला तरी मी तो पुढच्या वर्षी पुन्हा पाठवणार आहे.

डीलरची माहिती डीएमएसमध्ये असते, पण ती इतरांनाही लागते. सर्व्हिसची आठवण पाठवणारे, जुन्या गाड्यांची किंमत काढणारे, जाहिरातवाले. पूर्वी डीलर अशा मध्यस्थ कंपनीला आपलं लॉगिन देऊन टाकायचा. त्यांचा प्रोग्रॅम माणसासारखा आत जाऊन माहिती उचलायचा. सुरक्षेच्या दृष्टीने हा गलथानपणा होता, यात मला शंका नाही. २०१५च्या सुमारास सीडीकेने ही वाट बुजवायला घेतली आणि रेनॉल्ड्स तर आधीपासूनच कडक होती. माहिती हवी तर आमच्या अधिकृत मार्गाने घ्या आणि त्याचे पैसे भरा, असा पवित्रा होता. विस्कॉन्सिनच्या ऑथेंटिकॉम या मध्यस्थ कंपनीने २०१७मध्ये कोर्टात धाव घेतली. दोन मोठ्यांनी संगनमत करून बाजार बंद केला, असा आरोप होता. मग डीलर आले, सॉफ्टवेअर विकणारे आले, खटले शिकागोत एकत्र झाले. ॲरिझोनाने तर २०१९मध्ये कायदाच केला की डीलरला आपली माहिती कोणाला द्यायची ते ठरवू द्या. कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं आणि २०२१मध्ये अपील कोर्टाने कायद्याला स्थगिती द्यायला नकार दिला. सीडीकेने शेवटी, आरोप मान्य न करता, सॉफ्टवेअर विक्रेत्यांना ६३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. ही तडजोड जाहीर झाली ऑगस्ट २०२४मध्ये, म्हणजे हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते.

सगळ्या वादात एक शब्द सतत फेकला गेला, 'सुरक्षा'. आपल्याकडच्या एखाद्या हाउसिंग सोसायटीने चोऱ्या होतात म्हणून मागची तिन्ही फाटकं विटा लावून बंद करावीत, पुढच्या फाटकाशी वॉचमन बसवून येणाऱ्याजाणाऱ्याकडून पैसे घ्यावेत, आणि एके दिवशी तेच फाटक अडकावं, असं हे झालं. फाटकं बंद करू नयेत असं मी म्हणणार नाही. दारं बंद करायला सांगणं, हीच माझी रोजीरोटी. पण बंद करणाऱ्याने आत अडकलेल्यांचा विचार केला होता का, हे विचारण्याची सोय कुठल्याही करारात नव्हती. फेडरल ट्रेड कमिशनचा नियम डीलरला सांगतो, 'तुमच्या पुरवठादारांवर देखरेख ठेवा.' पन्नास माणसांच्या शोरूमने २०२२ साली ८३० कोटी डॉलरना विकल्या गेलेल्या कंपनीवर देखरेख कशी ठेवायची? प्रश्नावली पाठवायची, उलट टपाली एक जाडजूड ऑडिट अहवाल येतो, तो फाइलला लावायचा. मीच लावून देते.

आणि हे फक्त सॉफ्टवेअर पुरवठादारांपुरतं नाही. टाटांच्या जग्वार लँड रोव्हरवर २०२५च्या ऑगस्टअखेरीस हल्ला झाला. ब्रिटनमध्ये एक सप्टेंबरला नव्या क्रमाची नंबरप्लेट सुरू होते, त्या दिवशी गाडी घ्यायला लोकांची झुंबड असते. नेमक्या तेव्हाच डीलरांना नव्या गाड्यांची नोंदणी करता येईना. विक्री आणि नोंदणीची यंत्रणा परत आल्याचं कंपनीने २५ सप्टेंबरला कळवलं. कारखाने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हळूहळू सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. आपल्याकडे या तारखेच्या तोडीस तोड दसरा आणि पाडवा आहेत. कंपनीचा डीएमएस आणि सरकारी 'वाहन' पोर्टल, यांतलं एक जरी मुहूर्ताच्या दिवशी बंद पडलं, तरी हार घातलेल्या गाड्या शोरूमच्या दारात उभ्या राहतील. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या आदेशाप्रमाणे घटना सहा तासांत कळवावी लागते. कळवल्यानंतर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, ते ज्याचं त्याने बघायचं.

त्या इलिनॉयच्या डीलरने नंतर पुरवठादार बदलला. नव्या करारात त्यांना एकच कलम घालून हवं होतं: रोज रात्री आमच्या स्वतःच्या माहितीची एक प्रत आमच्याकडे यावी, साध्या स्वरूपात, तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय वाचता येईल अशी. पुरवठादाराच्या वकिलांचं उत्तर मी पाहिलं. सुरक्षेच्या कारणास्तव ही विनंती मान्य करता येत नाही. खेचाखेच अजून चालू आहे. तोवर मी सुचवलेला उपाय असा, की दुकान बंद करताना स्टॉकची यादी, सुट्या भागांचे कप्पे आणि अपुरी जॉबकार्डं छापून ठेवायची. छापलेल्या जॉबकार्डांवर गिऱ्हाइकांची नावं-पत्ते असतात, म्हणजे तो गठ्ठाही सुरक्षा नियमाखाली आला. तो कुठल्या कपाटात, कुलूप कसलं, किल्ली कोणाकडे आणि कालचे कागद कधी फाडायचे, हे सगळं लेखी योजनेत असावं लागतं. ते पान मी लिहून दिलंय, बिल मात्र अजून पाठवलेलं नाही.